गाडीला काय ठाऊक, चालवतंय कोण?

एका शब्दावरून किती वाद व्हावा? तोही कुठं, तर अमेरिकेतल्या मोटारींच्या शर्यतीत!

गोष्ट १९७७ च्या मे महिन्यातली. अमेरिकेच्या इंडियाना राज्यात इंडियानापोलिस नावाचं शहर आहे. तिथं १९११ पासून मे महिन्याच्या शेवटी मोटारींची एक मोठी शर्यत भरते. अंतर ५०० मैल, म्हणजे आपल्या हिशोबानं आठशे किलोमीटर. अडीच मैलांच्या गोल रस्त्यावर दोनशे फेऱ्या मारायच्या. गाड्या फक्त ३३. त्या तेहतिसांत जागा मिळवण्यासाठीही आधी वेगाची चाचणी द्यावी लागते, आणि कमी पडला की घरी. लाखो लोक ही शर्यत बघायला येतात. त्या काळी सुरुवातीला मैदानाचे मालक माईकवर दरवर्षी तेच वाक्य म्हणायचे, ‘जेंटलमेन, स्टार्ट युअर इंजिन्स.’ सभ्य गृहस्थहो, इंजिनं सुरू करा. हे वाक्य ऐकायला लोक वर्षभर थांबायचे. आपल्याकडे मंगलाष्टकं संपून ‘सावधान’ झालं की कसं सगळं वातावरण बदलतं, तसंच काहीसं.

आणि त्या वर्षी तेहतिसांतला एक गृहस्थ बाई होती. जॅनेट गथ्री. वय ३९.

मग वाक्य बदलायचं का? मैदानाच्या व्यवस्थापनानं युक्तिवाद काढला. म्हणाले, ड्रायव्हर स्वतः इंजिन सुरू करतच नाही. मागं उभा असलेला मेकॅनिक बाहेरून स्टार्टर लावून ते सुरू करतो, आणि मेकॅनिक सगळे पुरुष. तेव्हा ‘जेंटलमेन’ बरोबरच आहे! (माणसाला एखादी गोष्ट करायची नसली की त्याची बुद्धी कशी धावते बघा.) जॅनेटच्या संघानं शांतपणे उत्तर दिलं. तिच्या गाडीचा स्टार्टर लावायचं काम त्यांनी के बिग्नोटी या बाईंना दिलं. युक्तिवादच संपला.

शेवटी त्या दिवशी टोनी हुलमन यांनी माईकवर घोषणा केली ती अशी, की इंडियानापोलिसला पात्र ठरलेल्या पहिल्या महिलेच्या सोबतीनं, सभ्य गृहस्थहो, इंजिनं सुरू करा. जुना शब्दही राहिला आणि बाईचा उल्लेखही झाला. वाक्य जरा लांबलं, एवढंच.

मला मोटारींच्या शर्यतीतलं ओ की ठो कळत नव्हतं. अजूनही फारसं कळतं असं नाही. पण या बाईबद्दल वाचायला लागले आणि वाचतच गेले. वयानं ती माझ्या आईच्या पिढीची, तरी लिहिताना ‘ती’च म्हणते. मैत्रिणीबद्दल ‘त्या’ म्हणत नाही ना आपण.

जॅनेटचा जन्म ७ मार्च १९३८ चा, आयोवा राज्यातल्या आयोवा सिटीचा. पाच भावंडांत ती थोरली. वडील विमान चालवायचे, ईस्टर्न एअरलाइन्समध्ये वैमानिक होते. जॅनेट तीन वर्षांची असताना घर फ्लोरिडातल्या मायामीला आलं. घरात विमान हा रोजच्या बोलण्याचा विषय. शेतकऱ्याच्या घरात पाऊसपाण्याचं बोलणं चालतं तसं. तेराव्या वर्षी पोरगी विमान चालवायला शिकू लागली. सोळाव्या वर्षी तिनं एकटीनं विमान उडवलं. त्याच वर्षी पॅराशूट घेऊन उडीही मारली. सतराव्या वर्षी हातात खासगी वैमानिकाचा परवाना!

आता ती मोठेपणी वडिलांसारखी प्रवासी विमानं चालवणार, असं कुणालाही वाटेल. पण तसं होणारच नव्हतं. त्या काळी अमेरिकेतल्या मोठ्या प्रवासी विमान कंपन्या बायकांना वैमानिक म्हणून घेतच नसत. ती दारं १९७३ मध्ये उघडली, तोवर जॅनेट पस्तिशीला आली होती. म्हणजे घरात वडिलांच्या शेजारी बसून विमान शिकायला कुणाची हरकत नव्हती. पगार घेऊन चालवायला मात्र मनाई. स्वयंपाक घरात बाईनं करायचा आणि हॉटेलातला आचारी मात्र पुरुष, त्यातलाच हा प्रकार.

मग ती शिकली काय? पदार्थविज्ञान. आपण शाळेत ज्याला फिजिक्स म्हणून घाबरायचो, तेच. मिशिगन विद्यापीठातून १९६० मध्ये तिनं पदवी घेतली आणि न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर, रिपब्लिक एव्हिएशन या विमानं बनवणाऱ्या कंपनीत संशोधन विभागात इंजिनिअर म्हणून रुजू झाली. मी कला शाखेची. फिजिक्सची बाई माझ्या लेखी आधीच मोठी.

नोकरीच्या पैशांतून तिनं स्वतःसाठी गाडी घेतली. सात वर्षं जुनी, वापरलेली जॅग्वार एक्सके १२०. ही ब्रिटिश स्पोर्ट्‌स कार. दिसायला देखणी, बसायला दोनच जागा, आणि वेगाला ऐकत नाही अशी. किराणा आणायच्या कामाची नव्हे. लाँग आयलंडवर रविवारी मोकळ्या मैदानात शंकूंसारखे अडथळे मांडून त्यांतून कमीत कमी वेळात गाडी काढायच्या स्पर्धा व्हायच्या. त्यांना तिकडे ‘जिमखाना’ म्हणतात. आपल्याला जिमखाना म्हटलं की पुण्याचा डेक्कन आठवतो! तर या जिमखान्यात जॅनेट उतरली आणि १९६२ मध्ये लाँग आयलंडच्या महिलांमध्ये पहिली आली. मग खऱ्या शर्यतीचं शिक्षण घेतलं. मग दुसरी गाडी घेतली, जॅग्वार एक्सके १४०, खास शर्यतीसाठी.

इथं मला जरा थांबायचंय. कारण पुढचं जे सगळं झालं, त्याचं मूळ इथं आहे असं मला वाटतं.

शर्यतीच्या गाडीला मेकॅनिक लागतो आणि मेकॅनिकला पैसे लागतात. जॅनेटकडे पैसे नव्हते. मग तिनं काय केलं? इंजिन स्वतः उघडलं. एकेक भाग सुटा करायचा, धुवायचा, झिजलेला बदलायचा, पुन्हा जुळवायचा. पिस्टन, व्हॉल्व्ह, बेअरिंग, सगळं. पुस्तक समोर ठेवून, चुकत, शिकत. आपल्याकडे मिक्सरचं भांडं अडकलं तरी आपण ‘हे आले की बघतील’ म्हणून बाजूला ठेवतो. माझ्याच ओट्यावर असा एक मिक्सर पंधरा दिवस पडून होता. शेवटी आतला रबर बदलायचं दहा मिनिटांचं काम निघालं. तेव्हा हात काळे करण्याची गोष्ट मी फार मान वर करून सांगत नाही. पण जॅनेटचे हात काळे झाले म्हणूनच पुढं ती टिकली, एवढं नक्की. गाडीतून वेगळा आवाज आला की कुठं काय बिघडलंय ते तिला कळायचं. ती नुसतं स्टिअरिंग धरणारी नव्हती.

शर्यतीच्या गावी जायचं तर जुन्या स्टेशन वॅगनच्या मागं रेसची गाडी बांधायची, रात्री त्या स्टेशन वॅगनमध्येच झोपायचं आणि सकाळी शर्यतीला उभं राहायचं. सोमवारी पुन्हा ऑफिसात.

मधेच आणखी एक वळण आलं. १९६४ च्या सुमाराला अमेरिकेच्या ‘नासा’नं अंतराळात पाठवण्यासाठी शास्त्रज्ञ हवेत म्हणून अर्ज मागवले. जॅनेटनं अर्ज केला. पहिल्या चाळणीतून ज्या चारच बायका पुढं गेल्या, त्यात ती होती. पण डॉक्टरेट नव्हती, आणि तिथं थांबावं लागलं. अमेरिकेची पहिली महिला, सॅली राइड, अंतराळात गेली ती १९८३ मध्ये. विमान झालं, अंतराळ झालं. दोन्हीकडे ही बाई दारापर्यंत जाऊन परत आली. उरली ती गाडी.

तिनं नोकरीपेक्षा शर्यतींना जास्त वेळ द्यायचं ठरवलं. १९६६ मध्ये फ्लोरिडातल्या डेटोनाला चोवीस तासांची शर्यत झाली. त्यात आळीपाळीनं गाडी चालवायची असते, दिवसरात्र. तीन बायकांचा एक संघ उतरला होता, त्यात जॅनेट एक. संघ पुरस्कृत करणाऱ्या तेलाच्या कंपनीनं त्यांना नाव दिलं ‘मोटर मेड्‌स’. कंपनीला जाहिरातीला बायका हव्या होत्या, आणि बायकांना गाडी हवी होती. सौदा दोघांनाही परवडला. तिघींनी ती शर्यत पूर्ण केली. पुढं सेब्रिंग या ठिकाणच्या बारा तासांच्या शर्यतीत जॅनेट आपल्या गटात पहिलीही आली.

पण सत्तरीच्या दशकाच्या मध्याला हिशोब मांडायची वेळ आली. तेरा वर्षं शर्यतींत गेलेली. बाई सदतीस वर्षांची. घर नाही, लग्न नाही, दागिना नाही, बँकेत शिल्लक नाही. तिनं स्वतःच हा हिशोब नंतर अनेकदा सांगितलाय. एका वर्षी तर तिनं एका मालिकेसाठी टोयोटा सेलिका गाडी मोठ्या कष्टानं तयार केली आणि आयोजकांनी ती मालिकाच बंद केली. आपल्याकडे अशा वेळी नातेवाईक काय म्हणाले असते, ते मी लिहायला नको. तुम्हाला ऐकू आलंच असेल.

आणि १९७६ च्या सुरुवातीला फोन वाजला.

फोन करणारे गृहस्थ रोला व्होलस्टेट. ओरेगन राज्यातले, लाकडाच्या धंद्यातले. स्वतः रेसच्या गाड्या बांधायचे, पण त्यांचा संघ लहान, पैसा बेताचा. त्यांनी विचारलं, इंडियानापोलिसला गाडी चालवणार का? जॅनेटनं त्यांचं नावही ऐकलेलं नव्हतं. तिला आधी खात्री करून घ्यावी लागली, की हा माणूस खरा आहे, थट्टा करत नाहीये. मग तिनं अट घातली. आधी गुपचूप चाचणी घेऊ. गाडी मला आवडली आणि मी तुम्हाला पटले, तरच जाहीर करायचं. कॅलिफोर्नियात चाचणी झाली. दोघंही पटली.

बातमी बाहेर फुटली आणि जो गदारोळ झाला म्हणता! १९७१ पर्यंत त्या मैदानात बायकांना गाड्या ठेवतात त्या भागात पाय ठेवायलाही बंदी होती. बाई, शेंगदाणे आणि हिरवी गाडी, या तिन्ही गोष्टी तिथं अपशकुनी मानत! म्हणजे अपशकुनाच्या यादीत आपण शेंगदाण्यांच्या शेजारी. अशा ठिकाणी बाई ड्रायव्हर म्हणून आली. बायकांच्या अंगात ताकद नसते, त्या दमतात, आमचा जीव धोक्यात घालतील, असं ड्रायव्हर मंडळी उघड बोलू लागली. बॉबी अनसर हा तिथली शर्यत जिंकलेला नावाजलेला ड्रायव्हर. तो म्हणाला, की रस्त्यावर लिफ्ट मागणाऱ्या कुठल्याही माणसाला मी हिच्यापेक्षा जोरात गाडी चालवायला शिकवीन.

आणि खरंच, त्या मे महिन्यात जॅनेटची गाडी काही केल्या हव्या त्या वेगाला जाईना. नवख्या ड्रायव्हरची परीक्षा ती पास झाली होती. पण तेहतिसांत यायला लागणारा वेग व्होलस्टेटच्या गाडीत येत नव्हता. बघा, आम्ही म्हणत नव्हतो, असं म्हणायला लोक मोकळे झाले.

आता खरी गंमत ऐका. पात्रता फेरीचा शेवटचा दिवस. ए. जे. फॉइट हा तेव्हाचा सर्वांत मोठ्या ड्रायव्हरांपैकी एक. तोवर तीनदा ती शर्यत जिंकलेला, टेक्ससचा, स्वभावानं तापट. त्याच्याकडे एक राखीव गाडी होती. त्यानं ती जॅनेटला सरावासाठी दिली. ती बसली, थोड्याच फेऱ्यांत तिनं ताशी १८१ मैलांच्या आसपास वेग गाठला. म्हणजे ताशी २९० किलोमीटर. या वेगाला जागा मिळण्यासारखी होती. बाई तीच, मैदान तेच, बदलली फक्त गाडी.

फॉइटनं मात्र ती गाडी पात्रता फेरीसाठी दिली नाही. सरावापुरती दिली आणि परत घेतली. तेहतिसांत जॅनेट नव्हती. पण पाहणाऱ्यांना जे पाहायचं ते दिसलं होतं. मला हा प्रसंग फार महत्त्वाचा वाटतो. आपण कितीदा एखादीला मोडकं अवजार देतो आणि काम बिघडलं की म्हणतो, हिला जमतच नाही!

त्या वर्षीची इंडियानापोलिसची शर्यत झाली ३० मे ला, तिच्याविना. पण त्याच दिवशी ती दुसरीकडे गाडी चालवत होती. उत्तर कॅरोलिना राज्यात शार्लट इथं ६०० मैलांची शर्यत होती. ही वेगळ्या प्रकारची. दिसायला रस्त्यावरच्या गाड्यांसारख्या, वजनदार गाड्या. ‘नॅस्कार’ म्हणतात तिला. तिथल्या आयोजकांनी जॅनेटला बोलावलं. त्यामागं तिकीटविक्रीचाही विचार होताच, कशाला नाकारा. तिच्यासाठी गाडीची मालक म्हणून पुढं आल्या लिंडा फेरेरी, बँकेत काम करणाऱ्या. तिथंही पुरुषांची तीच कुजबुज. सहाशे मैल, मे महिन्यातला उकाडा, बंद गाडीत भट्टीसारखी धग, पॉवर स्टिअरिंग नाही. मध्येच दुसरा ड्रायव्हर बसवायची मुभा असते. ही बाई अर्ध्यात उतरणार, अशी अनेकांची खात्री. जॅनेट चार तासांहून जास्त वेळ एकटीनं चालवत राहिली. सहाशे मैलांची ती शर्यत तिनं संपवली आणि पंधरावी आली. चाळीस गाड्यांत.

रिचर्ड पेटी हा नॅस्कारचा बादशहा. त्याचं त्या काळचं बोलणं प्रसिद्ध आहे, की ही काही ‘लेडी’ नव्हे, लेडी असती तर घरी असती. ‘घरी बस’ हे वाक्य इंग्रजीतही असतं तर!

पुढच्या वर्षी फेब्रुवारीत, १९७७ मध्ये, डेटोनाच्या ५०० मैलांच्या शर्यतीत ती बारावी आली. शेवटच्या दहा फेऱ्या उरल्या असताना इंजिनाचे दोन सिलिंडर बंद पडले होते, तरी बारावी. त्या शर्यतीतल्या नवख्यांमध्ये ती सर्वांत पुढं होती. त्याच वर्षी ब्रिस्टल इथं ती सहावी आली.

आणि मग मे महिना. पुन्हा इंडियानापोलिस, पुन्हा व्होलस्टेट. या वेळी गाडी जरा बरी होती. सरावाच्या पहिल्याच दिवशी सर्वांत जास्त वेग कुणाचा, तर जॅनेटचा. तीन दिवसांनी ती भिंतीवर आदळली. गाडीचं बरंच नुकसान झालं, दुरुस्तीत दिवस गेले. शेवटी पात्रतेच्या अगदी अखेरच्या दिवशी चार फेऱ्यांची सरासरी आली ताशी १८८.४०३ मैल. म्हणजे तीनशे किलोमीटरच्या वर. तेहतिसांत सव्विसावी जागा. १९११ पासून चालत आलेल्या शर्यतीत पहिल्यांदा एक बाई.

म्हणूनच तो ‘जेंटलमेन’चा वाद, ज्यानं मी सुरुवात केली.

शर्यतीत मात्र इंजिनानं दगा दिला. पुन्हा पुन्हा थांबून दुरुस्ती करूनही २७ फेऱ्यांवर गाडी थांबली. एकोणतिसावी. आणि शर्यत जिंकली कुणी? ए. जे. फॉइटनं! चौथ्यांदा जिंकणारा तो पहिलाच.

आता तुम्हाला वाटेल, एवढं नाव झालं, जगभर फोटो छापून आले, आता पैसेवाले दारात रांग लावतील. मलाही वाटलं होतं. तसं झालं नाही.

मोटारींच्या शर्यतीत ड्रायव्हरच्या अंगातल्या कसबापेक्षा खिशातला पैसा आधी विचारतात. इंजिन, टायर, मेकॅनिकांचे पगार, सगळं कुणीतरी कंपनी देते आणि बदल्यात गाडीवर आपलं नाव रंगवते. पुरुष ड्रायव्हरला पैसे देताना कंपनीवाले विचारतात, जिंकेल का? जॅनेटच्या बाबतीत आधी विचारायचे, बाईला का द्यायचे? मला हे ऐकून आमच्या बचतगटाचं पहिलं कर्ज आठवलं. आम्ही अकरा जणी कागदपत्रं घेऊन एका बँकेत गेलो होतो. दोन वर्षांची बचत, एकही हप्ता चुकलेला नाही. साहेबांनी वही उलटसुलट पाहिली आणि विचारलं, ‘बरोबर कुणी जबाबदार माणूस नाही आला का?’ आम्ही अकरा माणसं समोर उभी होतो.

१९७८ मध्ये शर्यतीला थोडेच आठवडे उरले असताना टेक्सको या तेल कंपनीनं जॅनेटला पैसे दिले. मोठ्या संघांच्या मानानं रक्कम लहान. त्यात तिनं स्वतःचा संघ उभा केला. गाडी विकत घेतली, माणसं जमवली, हिशोब ठेवला. म्हणजे ड्रायव्हरही तीच आणि मालकीणही तीच. पंधराव्या जागेसाठी पात्र ठरली. आणि शर्यतीला दोन दिवस उरले असताना मदतनिधीसाठीच्या एका टेनिसच्या सामन्यात पडून उजवं मनगट मोडलं!

तिनं कुणाला कळू दिलं नाही. अधिकाऱ्यांना कळलं असतं तर गाडीत बसूच दिलं नसतं. गिअरचा दांडा उजव्या हाताला. मग ती काय करायची, तर डावा हात अंगावरून पलीकडे नेऊन गिअर टाकायची. ताशी तीनशे किलोमीटरच्या वेगाला, आजूबाजूला गाड्या असताना, क्षणभर स्टिअरिंगवर फक्त तो मोडका हात. त्या वर्षी टोनी हुलमन नव्हते, आदल्या ऑक्टोबरमध्येच ते वारले होते. माईकवर त्यांच्या पत्नी मेरी हुलमन होत्या. त्या म्हणाल्या, ‘लेडी अँड जेंटलमेन, स्टार्ट युअर इंजिन्स.’ एका वर्षात वाक्य सुटसुटीत झालं.

जॅनेट नववी आली. तेहतिसांत नववी. स्वतःच्या संघाच्या गाडीत, मोडक्या हातानं. बायकांमध्ये हा विक्रम पुढची सत्तावीस वर्षं कुणी मोडला नाही. २००५ मध्ये डॅनिका पॅट्रिक चौथी आली तेव्हा तो मागं पडला.

नववी आल्यावर तरी? नाही. १९७९ मध्ये ती इंडियानापोलिसला आणखी एकदाच धावली, इंजिन लवकर बंद पडलं. नॅस्कारची शेवटची शर्यत १९८० मध्ये. त्यानंतर पैसेच मिळाले नाहीत. ती फोन करत राहिली, पत्रं लिहीत राहिली, कंपन्यांच्या दारात बसत राहिली. १९८३ पर्यंत. मग तिच्या लक्षात आलं, की आता थांबले नाही तर मी जिवाचं काही बरंवाईट करून घेईन. आणि ती थांबली. ना अपघातामुळं, ना भीतीनं, ना वयानं. चाळिशीतल्या त्या बाईच्या अंगात अजून वेग होता. तो पळवायला गाडी नव्हती.

तिचं पुढचं आयुष्य मी भराभर सांगते. १९८९ मध्ये, एकावन्नाव्या वर्षी तिनं लग्न केलं, तेही एका वैमानिकाशी! कोलोरॅडोच्या डोंगरात राहायला गेली. अनेक वर्षं खपून आत्मचरित्र लिहिलं, ते २००५ मध्ये आलं. तिचं हेल्मेट आणि शर्यतीचा पोशाख वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयानं आपल्याकडे जपून ठेवलाय. २००६ मध्ये मोटार शर्यतींच्या आंतरराष्ट्रीय सन्मानयादीत तिचं नाव घेतलं गेलं. २०१९ मध्ये तिच्यावर माहितीपट निघाला, ‘क्वालिफाइड’. म्हणजे पात्र. २०२४ मध्ये नॅस्कारनंही तिचा खास सन्मान केला. त्या वेळी ती ८५ वर्षांची होती.

जॅनेटनंतर इंडियानापोलिसच्या त्या मैदानात दुसरी बाई यायला १९९२ उजाडावं लागलं. लिन सेंट जेम्स. नवखी ड्रायव्हर म्हणून उतरली तेव्हा तिचं वय किती होतं ठाऊक आहे? पंचेचाळीस! तीही कित्येक वर्षं कंपन्यांचे उंबरे झिजवत होती. शेवटी तिच्या गाडीवर नाव रंगलं ते जे. सी. पेनी या दुकानांचं, जिथं अमेरिकेतल्या बायका चादरी, परकर नि मुलांचे कपडे घ्यायला जातात. सत्ताविसाव्या जागेवरून सुटून लिन अकरावी आली. आणि त्या वर्षीची सर्वोत्तम नवोदित ठरली, पंचेचाळिसाव्या वर्षी.